ओल धरलेला गोटा

१

रंगवलेला गोटा लोक हातात घेतात, उलटसुलट करून बघतात, त्याच्या डोळ्यांचं कौतुक करतात. रंगाखाली काय काम झालंय ते कुणाला दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर ते करायचं असतं.

लोहगडवाडीत गडाच्या वाटेला लागायच्या आधी सारिकाची टपरी होती. ताक, लिंबू सरबत, कांदाभजी, आणि पुढच्या फळीवर मांडलेले रंगीत गोटे. त्यांत बेडूक होते, घुबडं होती, अंगाचं मुटकुळं करून झोपलेली मांजरं होती, ढगात अर्धा बुडालेला लोहगड होता. चितारायचं काम तिच्या लेकीचं, समीक्षाचं. गोटे चितारण्याजोगे करायचं काम सारिकाचं. "आई, पांढरं तुझं आणि रंगीत माझं," अशी समीक्षानं वाटणीच करून टाकली होती.

पांढरं काम काही सोपं नव्हतं. सारिकाचा नवरा प्रदीप कान्ह्याला एका वर्कशॉपात होता. घरी येताना तो नदीतले गोटे गोणीत घालून मोटरसायकलवर आणायचा. त्यातले चिरलेले आणि भोकाभोकांचे आधी बाजूला काढायचे. उरलेले साबणाच्या पाण्यात टाकून काथ्यानं घासायचे, पार शेवाळ निघेपर्यंत. मग अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यावर उन्हात मांडायचे. वाळले की काचपेपर मारायचा, खळगा असेल तिथं पुट्टी भरायची, आणि मग पांढऱ्या प्रायमरचा पहिला हात. तो पातळच हवा. ट्रेमध्ये बाटल्यांची झाकणं पसरून त्यांवर गोटा टेकवायचा, म्हणजे बुडाला चिकटत नाही. वरची बाजू सुकली की उलटायचा आणि खालची करायची. पुन्हा हलका काचपेपर, पुन्हा हात.

यात खरी मेख एकच. गोटा आतून वाळलेला पाहिजे. ओल धरलेल्या गोट्याला प्रायमर लावलात तर दोन दिवस छान दिसतो, मग फोड येतात आणि सगळा पापुद्रा सुटून हातात येतो. वाळला की नाही हे हाताला कळत नाही, म्हणून सारिका गोटा गालाला लावायची. आत ओल असली की गालाला गार लागायचं. गिऱ्हाईक बघून हसायचं, ही बाई गोट्याचे लाड करते म्हणायचं. हसू देत.

समीक्षा भाद्रपदात गेली. दिवाळीच्या तोंडावर सारिकानं पुन्हा गोटे करायला घेतले तेव्हा वाडीतल्या बायका म्हणाल्या, बरं केलंस, कामात जीव रमेल. रंगवणार कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही. सारिकानं स्वतःलाही विचारलं नाही. घासायचे, वाळवायचे, पांढरे करायचे आणि पडवीत भिंतीकडेला मांडायचे, एवढंच ती करत राहिली. पांढऱ्या गोट्यांची रांग दारापासून पार चुलीपर्यंत गेली. प्रदीप त्यांच्यावरून पाय उचलून टाकत आत-बाहेर करायचा.

एका दुपारी तिनं ट्रेमधल्या गोट्यांना वरच्या बाजूनं हात दिला आणि भाकरी टाकायला आत गेली. परत येऊन बघते तर एक गोटा उलटा झालेला. ओली बाजू खाली, झाकणं प्रायमरला चिकटलेली, काळी कोरडी बाजू वर. बाकीचे सगळे जिथल्या तिथं होते.

कोंबडीचे उद्योग, दुसरं काय. सारिकानं कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, झाकणं सोडवली, गोटा पुसून त्याला पुन्हा हात दिला. कोंबड्या सकाळपासून खुराड्यात कोंडलेल्या आहेत हे तिला आठवलं ते जेवायला बसल्यावर. घास हातातच राहिला. मग ती मनाशी म्हणाली, मांजर असेल.

२

समीक्षाचा ताप आधी साधाच वाटला होता. डास झालेत, हवा बदललीय, सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी पडलंय. पोरगी थंडीनं कुडकुडत होती म्हणून सारिकानं तिच्यावर गोधडी घातली, त्यावर दुसरी घातली. थोड्या वेळानं समीक्षा तळमळायला लागली. या कुशीवरून त्या कुशीवर, पुन्हा या कुशीवर. "आई, काढ ना गं अंगावरचं. गुदमरतंय."

सारिकानं काढलं नाही. घाम आला की ताप उतरतो, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. तिनं गोधडीची टोकं उलट आणखी आत खोचली. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. दर थोड्या वेळानं वाकून ती आपला गाल लेकीच्या कपाळाला लावायची, आणि समीक्षा डोळे मिटल्या मिटल्याच कपाळ किंचित वर उचलून त्या गालाला टेकवायची. लहानपणापासूनची तिची सवय होती ती.

दवाखान्यात नेलं तेव्हा डेंग्यू निघाला. सलाइनं झाली, रक्ताच्या पिशव्या झाल्या. मग एका दुपारी तिला दरदरून घाम आला आणि अंग गार पडत गेलं. सारिकाला वाटलं, ताप उतरला. तिनं आनंदानं जाऊन नर्सला सांगितलं. नर्स धावत आली, तिनं समीक्षाकडे बघितलं, मग सारिकाकडे बघितलं. ते बघणं सारिका जन्मात विसरणार नव्हती.

वाडीखालच्या ओढ्याकाठी समीक्षाला अग्नी दिला. चितेभोवती मडकं घेऊन फिरताना ज्या दगडानं मडक्याला भोक पाडतात, तो दगड जपून आणायचा असतो. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात राहतो अशी समजूत. त्याला रोज पाणी घालायचं, पण घरात घ्यायचा नाही, आणि दहाव्याला नदीत सोडायचा. प्रदीपनं ओढ्यातला मुठीएवढा काळा गुळगुळीत गोटा उचलला होता. तो पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणातल्या गडग्याच्या कोपऱ्यात ठेवला.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड मांडला, तर कावळा शिवेना. समोर बाभळीवर बसलाय, खाली बघतोय, पण उतरायचं नाव नाही. प्रदीपनं हात जोडले, तुझे रंग जपून ठेवीन म्हणाला, तुझ्या आईला जपीन म्हणाला. भावकीतल्या एकेकानं पुढं होऊन काय काय कबूल केलं. ऊन चढलं, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि फडक्यातला गोटा पाण्यात सोडून माणसं घरी आली. पोरीच्या मनात काय राहिलं असेल, या विचारानं नवराबायको दोघंही आतून पोखरली गेली. एकमेकांशी मात्र ती कधी त्यावर बोलली नाहीत.

३

उलटा झालेला तो गोटा दुसऱ्या दिवशीही ओलाच होता. बाकीचे खडूसारखे कोरडे ठणठणीत. सारिकानं तो उचलला आणि गालाला लावला. गार लागणार हे ती धरूनच चालली होती. गोटा कोमट होता.

उन्हातला गोटा कोमट लागणारच, त्यात नवल कसलं. पण पडवीत ऊन यायचं सकाळी, आणि आता तर दिवस कलला होता. तिनं शेजारचा गोटा गालाला लावून बघितला. गार. मग हा, मग तो, पुन्हा हा. गोटे गालाला लावत बसलेली बाई कुणी बघितली असती तर म्हणालं असतं, हिचं डोकं फिरलं. सारिकाला स्वतःलाही तसंच वाटलं, आणि त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

तिनं काचपेपरनं प्रायमर घासून काढला, गोटा आत नेऊन चुलीशेजारी ठेवला, वाळला असं वाटल्यावर पुन्हा हात दिला. सकाळी त्यावर फोड होते. मोठे नाहीत, बारीक बारीक, घामाच्या थेंबांसारखे. एक फोड नखानं फोडला तर पाणी आलं. ते तिनं जिभेला लावलं. खारट होतं. भिंतींना लोणा फुटतो, तसा दगडालाही फुटत असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. मग दुसरा हात दिला, आणि त्यावर तिसरा, जाड. ओल आतच दाबून टाकायची, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं. असं कुणी करत नाही. तिनंच समीक्षाला शिकवलं होतं की असं करायचं नसतं.

दुपारी घर शांत झालं की चुलीजवळून आवाज यायचा. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. सुकणारा रंग वाजतो, हे सारिकाला ठाऊक होतं. तरी ती हातातलं काम थांबवून ऐकत राहायची. आवाज थांबला की ती उठून बघायची, आणि गोटा कूस बदललेला असायचा. 'कूस' हाच शब्द तिच्या मनात यायचा. तो आला की ती मोठ्यानं भांडी घासायला घ्यायची.

४

भाऊबीजेला शुभदा आली. ही प्रदीपची धाकटी बहीण, कामशेतात दिलेली. समीक्षा गेली तेव्हा दहाही दिवस ती इथंच राहिली होती. सारिकाला अन्न गिळायला लावणं, न्हाऊ घालणं, अंगण झाडणं, सगळं तिनंच केलं होतं. शुभदासारखी नणंद मिळायला भाग्य लागतं, असं सारिका कुणालाही सांगायची.

पडवीतली पांढरी रांग बघून शुभदानं कौतुकानं एक गोटा उचलला आणि विचारलं, नवे आणले का दादानं? सारिका म्हणाली, नाही. पोरीनं आजारी पडायच्या आधी गडग्यावर वाळत घातले होते ना, तेच. कुणी हलवले नव्हते, तसेच राहिले होते. तिचा हात लागलेले शेवटचे गोटे ते, म्हणून तिनं सगळ्यात आधी तेच घासायला घेतले होते.

शुभदानं गोटा हळूच खाली ठेवला. तिचं तोंड उतरलं. चहा झाला, ओवाळणी झाली. शेवटी जायच्या वेळेला उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली, आणि मग हुंदक्यांतून सगळं बाहेर आलं. नवव्या दिवशी सगळी आत असताना शेळीनं गडग्यावरचं फडकं ओढलं होतं. गाठ सुटली, जीवखडा गडगड करत समीक्षाच्या गोट्यांत जाऊन पडला. शुभदा धावत गेली तर तिथं सगळेच काळे, सगळेच गुळगुळीत. तिनं अंदाजानं एक उचलला आणि परत फडक्यात बांधला. आधीच घरावर एवढं संकट, त्यात हा अपशकुन कुणाला सांगायचा, म्हणून गप्प बसली. मग दहाव्याला कावळा शिवेना म्हणून ऐकलं आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"वहिनी, मला वाटलं तोच आसंल," ती म्हणाली. "आता या सगळ्या पांढऱ्यांत कसा वळखायचा गं?"

सारिका तिच्यावर रागावली नाही. तिनं शुभदाचं डोकं मांडीवर घेतलं, थोपटलं. थोपटता थोपटता तिची नजर आत चुलीकडे गेली. ओळखायचं काही राहिलंच नव्हतं.

५

प्रदीपला कळलं तेव्हा तो जागीच बसला. मग उठून कोंडाजीआबांना घेऊन आला. आबा भावकीतले सगळ्यात वडीलधारे, वाडीत कुणाचंही दहावं असलं की काय कसं करायचं ते सांगायला पुढं असायचे. त्यांनी पडवीतली रांग बघितली आणि कपाळाला हात लावला. सारिका आत गेली आणि चुलीजवळचा गोटा ओंजळीत घेऊन आली.

आबांनी तो हातात घेतला नाही. नुसता हात वर धरला, विस्तवाची धग बघतात तसा, आणि मागं घेतला. "घरात घेतलास व्हय गं?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ ते तंबाखू मळत बसले आणि तोंडात टाकायची विसरले.

"पोर अजून दारातच हाय, सारिका. तिला जायची वाट घावंना. आता नदीला न्यायाचं नि तुज्या हातानं सोडायचं. आईनं सोडली तर बी चालतंय. पर उशीर करू नगंस. तिला तरास हुतोय."

आबा बरंच काही बोलले. प्रदीपनं ते सगळं ऐकून घेतलं. सारिकाला त्यातलं एकच ऐकू आलं. पोर अजून दारातच आहे. दवाखान्यातून आल्यापासून सगळं जग तिला सांगत होतं की समीक्षा गेली, आणि इथं हा म्हातारा सांगत होता की गेलेली नाही.

प्रदीप म्हणाला, उद्याच जाऊ. सारिकानं मान खाली घातली आणि आपल्याला अडचण आलीय म्हणाली, विटाळात नदीवर कसं जायचं, ते झाल्यावर जाऊ. यावर कुठला पुरुष काय बोलणार? आबा उठले आणि त्यांना पोचवायला प्रदीपनं चप्पल घातली. सारिकाला कसलीही अडचण आलेली नव्हती.

६

ते दिवस सारिकानं लेकीबरोबर काढले. दुसऱ्या कशाबरोबर काढले असं तिला वाटतच नव्हतं. प्रदीप कामावर गेला की ती टपरी बंदच ठेवायची, दार लोटून घ्यायची आणि समीक्षाच्या कॉटवर गोटा ठेवायची. तो तापला की त्यावर ओली पट्टी. पट्टी ठेवली की धग जरा उतरायची, मग पट्टी सुकायची आणि धग पुन्हा चढायची. ती त्याच्याशी बोलायची. टपरीवर कोण आलं, गडावर धुकं कसं होतं, शुभदाचा लेक स्वराज परीक्षेत कसा पास झाला. आता उतरेल हं ताप, म्हणायची. आणि तिला खरंच वाटायचं की उतरेल.

एकदा तिच्या मनात आलं, हिला रंगवू. तिनं समीक्षाची रंगांची पेटी उघडली, बारीक ब्रश काढला, काळा रंग भिजवला. समीक्षा नेहमी डोळ्यांपासून सुरुवात करायची. ब्रश गोट्यापाशी गेला आणि सारिकाचा हात थांबला. डोळे काढले तर ते उघडतील, असं तिला लख्ख वाटून गेलं. आणि उघडले तर ते काय बघतील? तिनं ब्रश धुऊन पेटीत ठेवला. 

पुढच्या दुपारी तिनं गोटा पुन्हा ट्रेमध्ये झाकणांवर ठेवला होता, आणि झाकणं वाजायला लागली. ट्रेच्या पत्र्यावर बारीक खडखड. सारिका ट्रेकडे बघत उभी राहिली. गडावरून वारा येतो, पत्रे हलतात, घर हलतं, ट्रेही हलणार. पण वारा नव्हता. पोरीला थंडी वाजत होती. तिनं गोटा उचलून कॉटवर ठेवला, ट्रंकेतली गोधडी काढली, तीच, त्या दिवसानंतर न उघडलेली, आणि गोट्यावर घातली. टोकं आत खोचली. खडखड थांबली. सारिका जमिनीवर कॉटला डोकं टेकवून बसली. तिला डुलकी लागली.

काढ ना गं.

हे कानांनी ऐकलं की नाही, तिला नंतर सांगता आलं नसतं. ती दचकून जागी झाली आणि दोन्ही हातांनी गोधडी ओढून बाजूला केली. मधोमध पांढरा गोटा होता, फोडांनी भरलेला. बाकी काही नव्हतं. तिनं श्वास सोडला, गोधडी घडी घालायला उचलली आणि आतली बाजू वर आली. ती ओली होती. ओल गोट्याएवढी नव्हती. उशीच्या जागेपासून पायथ्यापर्यंत होती, आणि मध्ये गुडघे दुमडलेल्या जागी थोडी आत गेलेली.

सारिका ओरडली नाही. ती त्या ओल्या जागेत तोंड खुपसून रडली. दोन गोधड्यांखाली पोर गुदमरत होती तेव्हा आपण टोकं खोचत होतो, आणि आता इतक्या दिवसांनी पांढऱ्या हातावर हात चढवून पुन्हा तेच करतोय. तापाच्या त्याच दुपारी तिला धरून ठेवलंय आपण, आणि वर म्हणतोय, माझी पोर माझ्याजवळ आहे.

संध्याकाळी प्रदीप आला तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. उद्या जाऊ, ती म्हणाली. प्रदीपनं जेवणाचा डबा खाली ठेवला. तो तिच्याशेजारी बसला आणि कितीतरी दिवसांनी त्यानं तिचा हात हातात घेतला.

७

नदीवर सकाळचं कोवळं ऊन होतं. आबांनी थोडक्यात काय ते केलं. दगडावर भाताचा पिंड ठेवला, तीळ आणि पाणी सोडलं, आणि मागं सरून उभे राहिले. हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. कावळा कुठून आला ते कुणालाच दिसलं नाही. तो सरळ पिंडावर उतरला, चोच मारली आणि भात घेऊन उडाला.

प्रदीप गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "सुटली," तो म्हणाला. "सुटली माझी बाय." कशातच जीव गुंतला नव्हता तिचा. जायला तयारच होती ती, कधीपासून. फक्त दार उघडायचं राहिलं होतं.

आबांनी सारिकाला खुणावलं. आता पाण्यात जायचं, सोडायचं आणि मागं न बघता यायचं. आम्ही पुढं होतो, ते म्हणाले. दोघे पाठ करून काठावरनं वर चालू लागले.

सारिका गुडघाभर पाण्यात गेली. गोटा ओंजळीत होता, फणफणलेला. जा बाळा, तिनं म्हटलं. मनापासून म्हटलं. त्या क्षणी तिला दुसरं काहीही नको होतं. तिनं ओंजळ पाण्यात बुडवली.

प्रायमर सैल झाला. सगळे हात एकत्रच सुटले आणि पांढरा पापुद्रा, अख्खाच्या अख्खा, तिच्या बोटांमधून निघून प्रवाहात वाहत गेला. ओंजळीत काळा गोटा राहिला, ओढ्यातून उचलला होता तसा. त्याची धग कमी व्हायला लागली. आधी कडांची, मग मधली. बघता बघता तो गार झाला, स्वस्थ झाला. आता नुसती बोटं उघडायची होती.

नीट गार झालीय का बघावं, म्हणून तिनं तो वर काढला आणि गालाला लावला. गोटा गार होता. आणि तो किंचित, अगदी किंचित, वर उचलल्यासारखा होऊन तिच्या गालाला टेकला.

ताप उतरला होता. सारिकाच्या सगळ्या अंगातून आनंद सळसळत गेला. उतरला, खरंच उतरला. बरी झाली पोर. बऱ्या झालेल्या लेकराला कुणी नदीत टाकतं का? आता कशाला सोडायचं तिला?

तिनं गोटा पदरानं टिपला, पदरात गुंडाळला आणि पोटाशी खोचला. मग मागं न बघता, अगदी सांगितल्याप्रमाणे, पाण्यातून बाहेर आली.

आबा मिळालेल्या जीपनं पुढं गेले होते, प्रदीप मोटरसायकल चालू करून थांबला होता. त्यानं वळून बघितलं नाही. "सोडलं?" त्यानं विचारलं.

"सोडलं," ती म्हणाली आणि मागं बसली.

प्रदीपची पाठ हलकी झाली होती, ते तिला मागं बसूनही कळत होतं. तो गाडी सावकाश चालवत होता. दोघांमध्ये, तिच्या पोटाशी, गोटा होता. कामशेत मागं पडेपर्यंत तो गार होता. घाट लागला तसा कोमट झाला. वाडीच्या अलीकडच्या वळणावर सारिकाला पोटावर चटका बसला, आणि मग तो वळला. या कुशीवरून त्या कुशीवर, सावकाश, समीक्षा पोटात असताना पहिल्यांदा वळली होती तशी.

वरून गार वारा सुटला होता. पोरीला तो लागू नये म्हणून सारिकानं पदर आणखी घट्ट ओढून घेतला आणि त्याची टोकं आत खोचली.